न्यूमोनियाच्या कागदावर सिगारेटचा रकाना का नाही?

बेडक्याचा नमुना चांगला आहे की नाही, हे काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवल्यावर पहिल्या मिनिटात कळतं. तोंडातल्या चपट्या पेशीच सगळीकडे दिसल्या तर रुग्णाने लाळ दिली आहे असं समजायचं आणि दुसरा नमुना मागवायचा. पूपेशींची गर्दी असेल तर माल छातीतून आलाय. मग काचेवर तेलाचा थेंब टाकायचा, सर्वांत ताकदीचं भिंग फिरवून खाली आणायचं आणि शोधायला लागायचं. न्यूमोकॉकस असेल तर तो लपत नाही. गुलाबी पूपेशींच्या मधूनमधून गडद जांभळे ठिपके दिसतात, दोन-दोनच्या जोडीने बसलेले, मेणबत्तीच्या ज्योतीसारखे एका बाजूला निमुळते. भोवती रंग न लागलेलं स्वच्छ वलय असतं, ते त्याचं कवच. पाश्चर आणि स्टर्नबर्ग या दोन शास्त्रज्ञांना 1881 मध्ये, एकमेकांपासून दूर आणि स्वतंत्रपणे सापडलेला हा जिवाणू आजही जिवाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियाच्या कारणांत अगदी वरच्या जागी आहे.

काच बघून झाली की मी नमुन्यासोबत दवाखान्यातून आलेला कागद बघते. वय, ताप किती दिवसांचा, मधुमेह आहे का, कोणतं प्रतिजैविक आधीच सुरू केलंय, सगळं विचारलेलं असतं. धूम्रपान करता का, हा प्रश्न नसतो. इतकी वर्षं मी हे कागद वाचते आहे, पण हा रकाना छापलेला कागद माझ्या हाती कधी आला नाही. शेजारच्या विभागात फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा तपासायला येतो, त्याच्या कागदावर मात्र डॉक्टरांनी आवर्जून लिहिलेलं असतं, किती वर्षं ओढतो आणि दिवसाला किती.

या एका फरकात आपल्या सगळ्यांची समजूत उघडी पडते. सिगारेट म्हणजे कॅन्सर. आणि जंतुसंसर्ग म्हणजे नशीब, बदललेलं हवामान, कुणाच्या तरी खोकल्याचा प्रसाद. ही वाटणी चुकीची आहे असं मला ठामपणे वाटतं, आणि तिची किंमत माणसं मोजताहेत. न्यूमोनिया, क्षयरोग, पुन्हा पुन्हा उलटणारा ब्राँकायटिस (श्वासनलिकांची सूज), यांच्या प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत धूम्रपान हे कारण म्हणून विचारलं गेलं पाहिजे, नोंदवलं गेलं पाहिजे आणि त्याच्यावरचा उपचार त्याच दिवशी सुरू झाला पाहिजे.

ही समजूत रुजली कशी, ते समजण्यासारखं आहे. 1950 मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी ब्रिटनमध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवून दिला. 11 जानेवारी 1964 रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा, अहवाल आला आणि जगभर मथळे झळकले. त्या अहवालात जुनाट ब्राँकायटिसचं सर्वांत महत्त्वाचं कारण म्हणूनही सिगारेटचं नाव होतं. पण लोकांच्या मनात घर करून राहिला तो कॅन्सर. पुढची साठ वर्षं पाकिटांवरची चित्रं, शाळेतली भाषणं, दवाखान्यातले फलक बहुतांशी त्याच वाटेने गेले. कॅन्सरची भीती खोटी अजिबात नाही. पण तिच्यात एक मोठी उणीव आहे, ती फार लांबची आहे. विशीतल्या मुलाला साठीतल्या आजाराची भीती घालून काय होतं? तो मनात म्हणतो, तेव्हाचं तेव्हा बघू. आणि ज्याने तीस वर्षं ओढली आहे तो म्हणतो, आता काय व्हायचं ते होऊन गेलं. दोघेही ओढत राहतात.

जंतुसंसर्ग असा थांबून राहत नाही. 1982 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इस्रायली लष्कराच्या एका तुकडीचा अभ्यास आला होता. तुकडीतले 336 जण, सगळे तरुण, धडधाकट, एकाच ठिकाणी राहणारे, एकच अन्न खाणारे. इन्फ्लुएन्झाची साथ आली. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी 68.5 टक्के आजारी पडले, न ओढणाऱ्यांपैकी 47.2 टक्के. आजाराचा जोरही ओढणाऱ्यांमध्ये जास्त होता. यांच्यापैकी कुणाच्या छातीत तीस वर्षांचा धूर साचलेला नव्हता. इन्फ्लुएन्झा हा विषाणूचा आजार, हे खरं. पण छातीच्या आजारांत विषाणू बऱ्याचदा वाट करून देतो आणि मागून न्यूमोकॉकस, स्टॅफिलोकॉकस यांसारखे जिवाणू घुसतात. म्हणून हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. धूर पहिल्या काही वर्षांतच संरक्षण ढिलं करतो, हे त्यात स्पष्ट दिसतं.

संरक्षण म्हणजे नेमकं काय, हे जरा सावकाश पाहू. शाळेत आपल्याला हे शिकवलं जातं आणि आपण विसरून जातो.

आपण दिवसाला साधारण 10,000 लिटर हवा आत घेतो. हवा कधीच निर्जंतुक नसते. शिवाय झोपेत घशातल्या लाळेचे बारीक थेंब, त्यातल्या जिवाणूंसकट, खाली उतरत असतात, अगदी निरोगी माणसातसुद्धा. तरीही आपल्याला रोज न्यूमोनिया होत नाही, कारण श्वासनलिकेला आतून एक चालता पट्टा बसवलेला आहे. नलिकेच्या आतल्या पेशींवर अतिसूक्ष्म केस असतात, त्यांना सिलिया म्हणतात. एकेका पेशीवर दोनशेच्या आसपास, लांबी मिलिमीटरचा दीडशेवा भाग. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा, लाटेसारखे, एकाच दिशेने हलतात. त्यांच्याभोवती पातळ पाण्यासारखा थर असतो आणि वर चिकट कफाचा पातळ पापुद्रा. धूळ, जंतू त्या चिकट पापुद्र्यात अडकतात आणि केसांच्या टोकांनी ढकलला जाणारा तो पापुद्रा मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने घशाकडे सरकत राहतो. घशाशी आला की आपण तो नकळत गिळतो, पोटातलं आम्ल उरलेलं काम करतं. हे रात्रंदिवस चालू असतं आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते.

जळत्या तंबाखूच्या धुरात 7,000 हून जास्त रसायनं असतात. त्यातली ॲक्रोलीन, फॉर्मल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड यांसारखी काही थेट या केसांवर घाव घालतात. आधी केसांची लय मंदावते. वर्षानुवर्षं ओढत राहिलं की केस आखूड होतात, कमी होतात, काही जागी केसवाल्या पेशीच जाऊन तिथे त्वचेसारख्या चपट्या, बिनकेसांच्या पेशी येतात. दुसरीकडे कफ तयार करणाऱ्या ग्रंथी आणि पेशी वाढतात. म्हणजे कचरा दुप्पट आणि झाडू मोडलेला. त्यात भर अशी की पेशींमधून क्षार-पाणी बाहेर सोडणाऱ्या एका प्रथिनाचं कामही धुराने मंदावतं. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात बिघडलेलं असतं ते हेच प्रथिन. ते नीट चाललं नाही की केसांभोवतीचा पातळ थर आटतो, कफ घट्ट होतो आणि जागच्या जागी बसतो. सकाळी उठल्यावर खोकून खोकून जो कफ काढावा लागतो, तो हाच. पट्टा चालत नाही म्हणून माणूस धक्का मारतो. ‘सिगारेट ओढली की कफ सुटतो’ असं कितीतरी जण मनापासून सांगतात. त्यांना जे जाणवतं ते खोटं नाही, पण सुटणारा कफ मुळात अडकला कशामुळे, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसतो.

पट्ट्यातून निसटून जे जंतू आणखी खाली, वायुकोशांपर्यंत जातात, त्यांच्यासाठी दुसरी फळी असते. तिथे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी गस्त घालतात. फुप्फुसाचा भाग सलाइनने धुऊन घेतलेला नमुना तपासताना या पेशी फार जवळून बघायला मिळतात. न ओढणाऱ्याच्या पेशी फिकट, पोटात फेसासारखी कणीकणी. ओढणाऱ्याच्या पेशी संख्येने कितीतरी पटींनी जास्त, आणि प्रत्येकीच्या पोटात सोनेरी-तपकिरी कण ठासून भरलेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं रंग नीट धुतला गेला नाही. तो रंग माझा नव्हता. धुराचे न पचणारे कण गिळून त्या पेशी तशा झालेल्या होत्या. संख्या वाढली म्हणजे ताकद वाढली असं कुणी समजू नये. पोटभर काजळी भरलेल्या या पेशी समोर आलेला जिवाणू पूर्वीच्या चपळाईने गिळत नाहीत, मारत नाहीत. आणि त्यांच्या गर्दीतून सुटणारी पाचक द्रव्यं वायुकोशांच्या नाजूक भिंतीच खात सुटतात. जिवाणूला आणखी काय हवं?

खरं तर त्याला आणखीही मिळतं. धुराच्या माऱ्याने श्वासनलिकेच्या पेशींवर एक विशिष्ट ग्राहक-प्रथिन जास्त प्रमाणात उगवतं आणि न्यूमोकॉकसला चिकटायला नेमकं तेच लागतं. नाक-घशात राहणाऱ्या जिवाणूंची वस्तीही बदलते. निरोगी माणसाच्या घशात काही निरुपद्रवी स्ट्रेप्टोकॉकस असतात, ते रोगकारक जिवाणूंना पाय रोवू देत नाहीत. धूम्रपान करणाऱ्यांच्या घशात हे राखणदार कमी आणि रोगकारक जास्त आढळतात. प्रयोगशाळेत तर असंही दिसलं आहे की सिगारेटच्या धुरात वाढवलेला स्टॅफिलोकॉकस ऑरियस बायोफिल्म जास्त जोमाने बनवतो, म्हणजे स्वतःभोवती असा चिकट थर उभारतो की त्यात प्रतिजैविकं पोचायला त्रास होतो.

हे सगळं एकत्र केल्यावर माणसांमध्ये काय दिसतं? न्यू इंग्लंड जर्नलमध्येच 2000 साली आलेला एक अभ्यास माझ्या मते या विषयावरचा सर्वांत बोलका आहे. न्यूमोकॉकस रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरला की तो आजार जीवघेणा असतो. 18 ते 64 वयाच्या, प्रतिकारशक्ती एरवी शाबूत असलेल्या अशा रुग्णांची संशोधकांनी निरोगी लोकांशी तुलना केली. जुनाट आजार, वय, शिक्षण सगळं हिशेबात धरून जी गोष्ट सर्वांत ठळकपणे उरली ती धूम्रपान. सिगारेट ओढणाऱ्यांत हा धोका सुमारे चौपट होता. स्वतः न ओढणाऱ्या पण दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्यांतही तो अडीचपट निघाला. या वयोगटातले जवळजवळ निम्मे, 51 टक्के रुग्ण धूम्रपानाच्या खाती जमा होतात असा त्यांचा हिशेब होता, आणि जुनाट आजारांच्या खाती 14 टक्के. कागदावर मधुमेहाचा रकाना आहे, सिगारेटचा नाही, हे मला का खुपतं ते आता लक्षात येईल.

अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने 2008 मध्ये या पुराव्याची दखल घेतली आणि 19 ते 64 वयाच्या सिगारेट ओढणाऱ्यांना न्यूमोकॉकसची लस द्यावी अशी शिफारस केली. तोवर या वयात ही लस जुनाट आजार असलेल्यांसाठी होती. त्या दिवशी धूम्रपान हे मधुमेह आणि हृदयरोगाच्या पंक्तीत जाऊन बसलं, संसर्गाचा धोका म्हणून. लस घेऊन ओढत राहा असा त्याचा अर्थ कुणीही काढू नये. एका जिवाणूच्या काही प्रकारांपुरती ती ढाल आहे, मोडलेला पट्टा ती दुरुस्त करत नाही.

क्षयरोगाचं चित्र आणखी गंभीर आहे. क्षयाचा जिवाणू राहतो कुठे, तर याच भक्षक पेशींच्या पोटात. त्याला कोंडून ठेवायचं काम ज्या पेशीने करायचं तीच दुबळी झाली, तर आत निजलेला जिवाणू जागा होतो. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा मेळ घातला की धूम्रपान करणाऱ्यांत क्षयरोग होण्याचा धोका साधारण दुप्पट किंवा त्याहून थोडा अधिक दिसतो. 2003 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तामिळनाडूतल्या 43,000 पुरुषांच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात क्षयाने मरण्याचं प्रमाण ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक होतं. उपचार सुरू असताना ओढत राहणाऱ्यांची थुंकी जंतुमुक्त व्हायला वेळ लागतो आणि बरा झालेला आजार उलटण्याची भीतीही जास्त असते. थुंकीत जंतू जास्त दिवस राहिले की ते घरातल्या इतरांपर्यंत पोचण्याचे दिवसही वाढतात, हे ओघाने आलंच.

लीजननेअर्स आजाराचं नाव फारसं ऐकू येत नाही. 1976 मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या एका अधिवेशनानंतर हा न्यूमोनिया पहिल्यांदा ओळखला गेला. पाण्याच्या तुषारांतून येणारा त्याचा जिवाणूही भक्षक पेशीतच वाढतो, आणि तो कुणाला गाठतो याच्या यादीत धूम्रपान करणारे पहिल्या ओळीत असतात.

आता मुख्य आक्षेपाकडे वळते. ‘माझं शरीर आहे, माझा पैसा आहे, मी ओढतो, तुम्हाला काय?’ कॅन्सरच्या बाबतीत या प्रश्नाला थोडं तरी वजन आहे, कारण एकाची गाठ दुसऱ्याला लागत नाही. संसर्गाच्या बाबतीत ते वजन उरत नाही. ओढणाऱ्याच्या घशात रोगकारक जिवाणू जास्त, खोकला जास्त, आणि तो एकटा राहत नाही. शिवाय त्याचा धूर दुसऱ्यांच्या सिलियांवरही तेच करतो. यात सर्वांत जास्त भरडली जातात ती तान्ही मुलं. त्यांच्या श्वासनलिका अरुंद असतात, ती श्वास भरभर घेतात आणि खोलीतून उठून बाहेर जाणं त्यांच्या हातात नसतं. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या 2006 च्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे की दुसऱ्याच्या धुराची निर्धोक अशी कोणतीही पातळी नाही. अशा घरांतल्या मुलांना न्यूमोनिया, ब्राँकायटिस आणि कानाच्या मधल्या भागाचा संसर्ग जास्त होतो, हेही त्यात आहे. कानाचा आणि धुराचा संबंध ऐकून पालक चकित होतात. पण घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीलाही आतून हेच केस असतात.

आणि धूर थांबवला की फरक पडतो का, याचं उत्तर मोठ्या प्रमाणावर मिळालेलं आहे. 29 मार्च 2004 रोजी आयर्लंडने कामाच्या सर्व बंदिस्त जागांत धूम्रपानाला बंदी घातली, संपूर्ण देशात असं करणारा तो पहिला देश. इंग्लंडमध्ये तसाच कायदा जुलै 2007 मध्ये आला. तेव्हा टीका अशी होती की आता लोक घरी जाऊन जास्त ओढतील आणि मुलांचे हाल होतील. झालं उलट. कायद्यानंतर श्वसनाच्या खालच्या भागातील संसर्गामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांचं प्रमाण जवळजवळ 14 टक्क्यांनी उतरलं. सर्व श्वसनसंसर्ग धरले तर वर्षाला सुमारे 11,000 मुलांचं दाखल होणं टळलं असा संशोधकांचा अंदाज आहे. कायदा मोठ्यांच्या कचेऱ्या आणि मद्यालयांसाठी होता. बाहेर ओढायची नाही हे अंगवळणी पडल्यावर लोक घरातही आवरू लागले, असाच याचा अर्थ मी लावते.

दुसरा आक्षेप मला जास्त विचार करण्याजोगा वाटतो. दाटीवाटीची घरं, कुपोषण, सरपणाचा धूर, शहरांची गढूळ हवा हीसुद्धा छातीच्या संसर्गाची कारणं आहेत. मग सगळा रोख सिगारेटवरच कशाला? बरोबर आहे, ती कारणं खरी आहेत, आणि लाकडाचा धूर सिलियांना सिगारेटच्या धुरापेक्षा फार वेगळी वागणूक देतो असं मी म्हणणार नाही. पण ज्याचं घर दाटीवाटीचं आहे, ज्याला पोटभर मिळत नाही, त्याच्या फुप्फुसांवरचा उरलेला बोजा हलका करणं अधिकच निकडीचं आहे. घर बदलायला वर्षं लागतात. सरकारं त्यासाठी जबाबदार आहेत आणि त्यांना जाब विचारलाच पाहिजे. त्याच माणसाला सिगारेट सोडायला मदत करणं मात्र आज, याच दवाखान्यात, याच खुर्चीवर शक्य आहे.

ई-सिगारेटचं नाव इथे हमखास निघतं. तिच्यात जळणारा तंबाखू नाही, त्यामुळे रसायनं कमी, हे मान्य. पण 2018 मध्ये युरोपियन रेस्पिरेटरी जर्नलमध्ये आलेल्या संशोधनात तिच्या वाफेनेही पेशींवरचं ते चिकटण्याचं प्रथिन वाढलं आणि न्यूमोकॉकस जास्त चिकटला. कधीच न ओढलेल्या मुलांनी ती हातात घेण्याचं काहीएक कारण नाही.

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंवर आज सगळीकडे चर्चा चालते. मीही त्या चर्चांना बसते. औषधं अर्धवट सोडू नका, सर्दीला प्रतिजैविकं देऊ नका, हात धुवा. सगळं योग्य. पण ज्या माणसाला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार आहे आणि वर्षातून तीन-चार वेळा छाती भरून येते, त्याला प्रत्येक वेळी प्रतिजैविकांचा एक कोर्स जातो. त्या प्रत्येक कोर्सला त्याच्या घशातले, आतड्यातले जिवाणूही सामोरे जातात आणि त्यातले चिवट तेवढे शिल्लक राहतात. माझ्याकडे त्याचे नमुने येत राहतात आणि वर्षागणिक अहवालावर लागू न पडणाऱ्या औषधांच्या ओळी वाढत जातात. या माणसाची सिगारेट सुटली तर कोर्स कमी होतील. मग प्रतिजैविकांच्या जपणुकीबद्दलच्या कोणत्याही आराखड्यात तंबाखू सोडवणं हे पहिल्या पानावर असायला हवं. मी बसले त्या बैठकांत त्याचा उल्लेखही झाला नाही.

यात नवं काही शोधायचंही बाकी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्येच क्षयरोग आणि तंबाखू नियंत्रण यांची सांगड घालणारी पुस्तिका काढली आहे. निकोटिनचे पॅच आणि च्युइंग गम 2009 पासून, आणि व्हॅरेनिक्लिन व ब्युप्रोपियॉन ही औषधं 2021 पासून त्या संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. म्हणजे तंबाखूचं व्यसन हा औषधाने उपचार करण्याजोगा आजार आहे, हे अधिकृतपणे मानलं गेलेलं आहे. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिने चालतो, रुग्ण वरचेवर भेटतो, कर्मचारी त्याला नावाने ओळखतात. व्यसन सोडवायला याहून चांगली संधी कुठली? न्यूमोनियाचा रुग्ण चार-पाच दिवस खाटेवर असतो, धापेमुळे ओढू शकत नाही, घाबरलेला असतो, ऐकायला तयार असतो. त्याच दिवसांत पॅच लावला, पुढच्या भेटीची तारीख दिली, तर त्याच्या हाती काहीतरी लागतं. ‘सिगारेट बंद करा बरं का’ असं जाता जाता म्हणणं हा उपचार नाही. कुणी मधुमेह्याला ‘साखर कमी करा बरं का’ म्हणून औषधाशिवाय घरी पाठवत नाही.

काही सहकाऱ्यांना वाटतं की असं विचारलं, लिहिलं की रुग्णाला दोष दिल्यासारखं होतं. मला ही काळजी रास्त वाटते. बहुतेकांना सवय लागते ती कोवळ्या वयात, निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि नंतर सुटता सुटत नाही. अशा माणसाला आजारपणात टोमणे मारणं क्रूरपणाचं आहे. पण कारण नोंदवणं म्हणजे दोष देणं नव्हे. मधुमेह आहे का, असं आपण विचारतो तेव्हा कुणाला अपराधी वाटत नाही, कारण त्या प्रश्नापाठोपाठ उपचार येतो हे त्याला माहीत असतं. सिगारेटच्या प्रश्नापाठोपाठ आजवर फक्त भाषण आलं. म्हणून तो प्रश्न टोचतो.

माझ्या दादाच्या बाबतीत तर तो विचारलाच गेला नव्हता. त्याला न्यूमोनिया झाला, सहा दिवस रुग्णालयात होता, घरी सोडताना हातात कागद दिला. पाच औषधं, भरपूर पाणी, विश्रांती, पंधरा दिवसांनी दाखवा. सिगारेटचा एक शब्द नाही. ती त्याने आपणहून सोडली, घाबरून. तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. खोकला वाढला होता आणि काळपट बेडका पडत होता. ‘ओढत होतो तेव्हा एवढं नव्हतं गं,’ तो म्हणाला, ‘सोडल्यानेच काहीतरी बिघडलंय.’ मी तेव्हा कामाच्या गडबडीत होते, डॉक्टरांना दाखव एवढंच म्हणून फोन ठेवला. त्याने दाखवलं नाही, पुन्हा सुरू केली, आणि खोकला खरंच कमी झाला. आठ महिन्यांनी त्याच रुग्णालयात, त्याच बाजूचं फुप्फुस.

दुसऱ्या वेळी मी त्याच्या खाटेशी बसून कागदावर सिलियांचं चित्र काढलं. धूर थांबला की हे केस काही दिवसांत पुन्हा हलू लागतात, वाढू लागतात, साठलेला मळ वर ढकलायला घेतात, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे खोकला वाढू शकतो आणि बेडका काळा पडू शकतो, हे त्याला सांगितलं. घशातल्या जिवाणूंची वस्ती पूर्ववत व्हायला वर्षभर लागतं, पण ती होते, हेही सांगितलं. ताप आला, रक्त पडलं किंवा धाप वाढली तर मात्र ताबडतोब यायचं, हे त्या चित्राखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं. डॉक्टरांनी या वेळी पॅच दिला. मग दादा दर रविवारी फोन करून बेडक्याचा रंग सांगायचा. काळपट, मग राखाडी, मग नुसता पांढरट. दहाव्या रविवारी फोन आला तेव्हा आवाज जरा काळजीचा होता. आज सकाळी उठल्यापासून एकदाही खोकला आला नाही, असं चालतं का, असं तो विचारत होता.